तिसरा रकाना

वही दोनशे पानी होती, शाळेतल्या पोरांची असते तशी, बदामी पुठ्ठ्याची. तिने ती पर्समधून काढली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली. आत पट्टीने आखलेले तीन रकाने. तारीख, पाप, आणि तिसऱ्याच्या डोक्यावर लिहिलेलं ‘नीट सांगितलं?’. तिसऱ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी आधी बरोबरची खूण, मग तिच्यावर काट, मग प्रश्नचिन्ह.

“कन्फेशन करते, फादरांपुढे पापं कबूल करते, ते क्षमा देतात. चर्चच्या पायऱ्या उतरेपर्यंत बरं वाटतं. मग वाटतं, एक गोष्ट मी गुळमुळीत सांगितली. म्हणजे क्षमा लागूच झाली नाही. देवावर माझा विश्वासच नाही का, मॅडम?”

मी इथे वसईत समुपदेशन करते. हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारतंच, प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, जरा जास्त. म्हणून ही हकीकत लिहितेय. दोघी-तिघींच्या गोष्टी एकत्र केल्यात आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी ‘बाय’ म्हणते, हिलाही इथे तेच म्हणू.

बाय 29 वर्षांची. घरामागे सोनचाफ्याची वाडी, आई फुलांच्या पुड्या बांधून दादरला पाठवते. बाय रोज विरार लोकलने अंधेरीला नोकरीला. एकाच फादरांकडे आठवड्यातून तीनदा जायची लाज वाटते, म्हणून ती कधी बोरिवलीला उतरायची, कधी पुढे वांद्र्याला जायची. दोनदा लेटमार्क पडला, तेव्हा आईने तिला माझ्याकडे धाडलं. कम्युनियन, म्हणजे मिस्सेत (चर्चच्या मुख्य उपासनेत) मिळणारी पवित्र भाकर, घेणं तर चार महिन्यांपासून बंदच होतं. का, तर कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं-प्यायचं नाही असा नियम आहे (पाणी आणि औषध चालतं), आणि दात घासताना टूथपेस्ट गिळली गेली असेल तर?

आता माझी चूक सांगते. पहिल्या तीन भेटींत मी तिच्या एकेका प्रश्नाला उत्तर दिलं. टूथपेस्ट म्हणजे खाणं नव्हे. विसरलेलं पाप मनापासून केलेल्या कन्फेशनमध्ये माफ होतंच. पाप गंभीर ठरायला बाब गंभीर लागते, पुरती जाणीव लागते आणि राजीखुशीची संमती लागते, तिन्ही एकदम. सगळं खरं होतं. बाय हसत घरी जायची आणि रात्री अकराला व्हॉट्सॲप यायचा, “पण मॅडम, संमती पूर्ण होती की अर्धी, हे कसं कळणार?” मीही मोठ्या उत्साहाने टाइप करत बसायचे. लहानपणी कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात बक्षीस मिळालेल्या बाईला असा मोह होतोच. चौथ्या भेटीत माझ्या डोक्यात प्रकाश पडला की वांद्र्यानंतरचं पुढचं कन्फेशनचं स्टेशन मीच झालेय.

त्या दिवशी मी उत्तरं बंद केली आणि वही नीट वाचायला मागितली. टूथपेस्ट, मिस्सेत पुढच्या बाईच्या साडीकडे गेलेलं लक्ष, क्रूसाची खूण करताना अर्धवट राहिलेला हात. पाऊणशे पानं अशीच. एका ओळीत मात्र ‘वहिनीशी बोलत नाही’ असं होतं आणि तिसऱ्या रकान्यात साधी बरोबरची खूण. ना काट, ना प्रश्नचिन्ह. विचारलं तेव्हा कळलं, घराच्या वाटणीवरून दोन वर्षं भावाच्या घरी जाणं-येणं नाही. चुलीमागे चूल, मध्ये एक भिंत.

“ते सांगितलंय मी नीट,” बाय म्हणाली.

मी त्यावर काही बोलले नाही. पण मला तेव्हा कळलं की हिची सदसद्विवेकबुद्धी जास्त जागी नाहीये, ती अडकून पडलीय. जिथे पाऊल उचलायचं तिकडे बघायला तिच्याकडे सवडच उरली नव्हती.

मी दोन गोष्टी केल्या. पहिली, तिला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. हा ओसीडीचाच, म्हणजे एकच शंका मनात परत परत येत राहण्याच्या आजाराचा, एक प्रकार आहे. कोणाला नळ बंद केला की नाही ते दहादा बघावंसं वाटतं, हिला क्षमा मिळाली की नाही ते. गोळ्या घ्यायला ती तयार नव्हती, “मग प्रार्थना कमी पडली असंच झालं ना?” मी विचारलं, आईची थायरॉइडची गोळी कोणत्या पापाची? तेव्हा पहिल्यांदा ती मोकळी हसली.

दुसरी गोष्ट, तिच्या परवानगीने तिच्या धर्मग्रामातल्या एका वयस्क फादरांना भेटले, तीही सोबत होती. कन्फेशनमध्ये काय बोलणं होतं ते फादर कोणालाही सांगू शकत नाहीत, मलाही नाही. हे गुप्ततेचं बंधन मोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चच्या कायद्यात बहिष्काराची शिक्षा आहे. त्यामुळे आम्ही फक्त नियम ठरवले. एकच फादर, महिन्यातून एकदा, वही न आणता. आणि जुनं फक्त ते सांगायचं जे अगदी स्पष्ट आठवतंय.

तो शेवटचा नियम सपशेल फसला. बायला सगळंच स्पष्ट आठवत होतं!

फादर कपाळाला हात लावून हसले आणि त्यांनी तिला स्पेनमधल्या संत इग्नाती लोयोलांची गोष्ट सांगितली. 1522 साली, सैनिकी पेशा सोडून आलेल्या इग्नातींनी माँसेरातच्या मठात तीन दिवस घालवून आयुष्यभराची पापं लिहून काढून कबूल केली, आणि पुढे मान्रेसात महिनोन्‌महिने त्यांना वाटत राहिलं की काहीतरी राहिलंच. त्यांच्या फादरांनीही हाच हुकूम केला होता, फक्त स्पष्ट आहे तेच सांग. इग्नातींनाही सगळंच स्पष्ट होतं. जीव द्यावा इथपर्यंत त्यांचे विचार गेले, आठवडाभर ते उपाशी राहिले. शेवटी त्यांनी ठरवलं, जुनं परत कबूल करायचं नाही, आणि ते सुटले. नंतर साधनेबद्दल लिहिताना त्यांनी उदाहरण दिलं ते गवताच्या दोन काड्यांचं. काड्या क्रूसासारख्या पडल्यात, त्यांवर पाय पडला, आणि मन म्हणतं, पाप झालं का? झालं नाही का? अशा शंकेला लॅटिनमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेत जातो तो.

“आमच्या अंगणात पेंढा असतो,” बाय गंभीरपणे म्हणाली. तिघंही हसलो. नियम बदलला, जुनं काहीच सांगायचं नाही, जबाबदारी फादरांची.

मग आमचा सराव. रविवारी शंकेसकट कम्युनियनला जायचं. ‘कदाचित मी नीट सांगितलं नसेल’ हे वाक्य मनात येऊ द्यायचं आणि त्याला उत्तर द्यायचं नाही. मला नाही विचारायचं, गूगलला नाही, आईलाही नाही. पहिल्या रविवारी तिने भीतीला शंभरपैकी 90 गुण दिले, मिस्सा संपून घरी पोचेपर्यंत 55. तिसऱ्या रविवारी पुन्हा 80. सरळ रेषेत कोणी बरं होत नाही.

एकदा ती चिडली. “पण खात्री नको का? खात्रीशिवाय विश्वास कसा ठेवायचा?” मी म्हटलं, दूधवाल्याचं माप समोर उभं राहून मोजून घेतलंस तर त्याच्यावर विश्वास ठेवला असं म्हणशील का? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे मी देवाचं माप मोजतेय.” हे मी म्हटलं नव्हतं. मला सुचलंही नव्हतं.

वही ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमध्ये पेटवतात त्या अग्नीत टाकायची असं तिच्या मनात होतं. मी नको म्हटलं. सगळं जळालं की नाही हे बघायला ती राखेपाशी थांबली असती. ती वही तिने आईला दिली. आता उरलेल्या पानांवर फुलांचा हिशेब आहे, 40 पुड्या, 35 पुड्या, तिसऱ्या रकान्यात उधारी.

वहिनीकडे ती ऑगस्टमध्ये गेली, खायला पोळे घेऊन. काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही, पण मधल्या भिंतीवरून वाटीत कालवण जातं-येतं.

गोळी चालू आहे, प्रायश्चित्तकाळ आला की जुनी खुटखुट थोडी वर येते. परवा भेटली तेव्हा म्हणाली, “मॅडम, ह्या महिन्यात कन्फेशनला एक सांगायचं राहून गेलं.”

“मग?”

“मग काय,” ती पर्स खांद्याला लावत म्हणाली, “8:12ची फास्ट लागली होती.”