वाचक विचारतात : हात धुवायच्या आधीची दहा मिनिटं

प्रश्न : उद्यमबागेतल्या एका सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथच्या) शॉपमध्ये मी सुपरवायझर आहे. सकाळी पहिला जॉब (घडवायचा तुकडा) मशीनवर चढेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातोच. कुणाला ड्रॉइंग सापडत नाही, कुणाला इन्सर्ट (टूलला लावायचं कापणारं छोटं पातं). लवकर येऊन तयारी करा म्हणून सांगून थकलो. चार दिवस चालतं आणि बारगळतं. (बेळगाव)

उत्तर : तयारी सकाळवर टाकलीत, इथेच गाडी अडते. काल काय अर्धवट राहिलं, कुठल्या इन्सर्टची कड गेली, हे ज्याला ठाऊक आहे तो बहुतेक वेळा सकाळी त्या मशीनवर नसतोच. तयारीची दहा मिनिटं शिफ्टच्या शेवटाला न्या. पण ‘काम संपल्यावर’ असं सांगू नका. मशीनवरचं काम कधी संपत नाही, एक जॉब उरतोच. हात धुवायला मात्र प्रत्येक जण न चुकता जातो. तेव्हा नळाकडे जायच्या आधी चार गोष्टी, एवढाच नियम ठेवा.

चक (जॉब धरणारा भाग) आणि त्याच्या जॉवरचे (पकडींवरचे) चिप्स, म्हणजे धातूचा कीस, ब्रशने काढायचे. एअर गन नको, कारण हवेच्या झोताने बारीक चिप्स वायपरखाली (पुसणाऱ्या पट्टीखाली) शिरून स्लाइडवे, म्हणजे मशीनचे भाग सरकतात ते रूळ, खरवडतात. जॉखाली एक कण राहिला तरी सकाळचा पहिला पीस रनआउट दाखवतो (मध्य सोडून फिरतो) आणि मग सगळे प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. दुसरं, स्लाइडवे ऑइलची पातळी बघायची. तिसरं, झिजलेली कड फिरवायची किंवा इन्सर्ट बदलायचा, आणि कुठला टूल नंबर बदलला त्याची चिठ्ठी ठेवायची. चिठ्ठी नसेल तर सकाळचा ऑपरेटर ऑफसेट (मशीनला दिलेलं टूलचं माप) न तपासता स्टार्ट दाबतो आणि पहिलाच पीस रिजेक्ट होतो. चौथं, पुढच्या जॉबचं ड्रॉइंग, जॉ, गेज आणि ती चिठ्ठी एकाच ट्रेमध्ये घालून ट्रे मशीनपाशी ठेवायचा.

चारही गोष्टी सगळ्या मशीनवर एकदम सुरू केल्यात तर हेही बारगळेल. दोन मशीन घ्या आणि आधी फक्त ट्रे. तो अंगवळणी पडला की बाकीचं जोडा.

कूलंट (कापताना थंडावा देणारं पाणी-ऑइलचं मिश्रण) मात्र सगळ्यांच्या हाती देऊ नका, एकाच माणसाकडे द्या. नाहीतर जो तो पातळी खाली दिसली की बादलीभर पाणी ओततो, मिश्रण पातळ होतं आणि जॉबवर गंज धरतो. साध्या टर्निंगला बहुधा ५ ते ८ टक्के ऑइल चालतं, पण अंतिम आकडा कंपनीच्या पत्रकातला. रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रण किती दाट ते मोजायच्या साधनावर) दिसणाऱ्या आकड्याला त्या कूलंटच्या फॅक्टरने गुणायचं असतं, हे बऱ्याच शॉपमध्ये राहून जातं. मिश्रण बादलीत करा : आधी पाणी, मग त्यात ऑइल. उलटं केलंत तर नीट मिसळत नाही. सुट्टीनंतर टाकीला कुजका वास येत असेल, तर वर तरंगणारं तेल सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी काढून टाका. त्या थराखाली हवा पोचत नाही आणि जंतू वाढतात.

प्रश्न : २१ दिवस केलं की सवय लागते म्हणतात. माझं विसाव्या दिवशी चुकलं. पुन्हा एकपासून मोजायचं का? (चिकोडी)

उत्तर : नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना घेऊन केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सवय अंगात मुरायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला, आणि माणसागणिक तो १८ पासून २५४ पर्यंत पसरलेला होता. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. एकविसाचं गणित डोक्यातून काढा.

प्रश्न : निपाणीत हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघतो. दर महिन्याला नऊ-दहा तारखेला रात्री जागून बिलं चढवावी लागतात, तरी चुका निघतात. रोज थोडं थोडं करायचं ठरवतो, जमत नाही. (निपाणी)

उत्तर : ‘थोडं थोडं’ म्हणजे नक्की किती, हे ठरलेलं नाही म्हणून जमत नाही. रोज गल्ला मोजून झाला की शटर ओढायच्या आधी त्या दिवशी आलेली खरेदीची बिलं चढवायची. फक्त खरेदीची.

तुमच्यासारख्या सीमेवरच्या दुकानात खरी गोम इथेच आहे. माल कोल्हापूर-इचलकरंजीहूनही येतो आणि बेळगावहूनही. बिल हातात आलं की विकणाऱ्याच्या जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघा. २७ म्हणजे महाराष्ट्र : तिथून इकडे कर्नाटकात आलेल्या मालावर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) हवा. २९ म्हणजे कर्नाटक : सीजीएसटी आणि एसजीएसटी (राज्यातल्या राज्यात लागणारे) हवा. निपाणीला पाठवलेल्या मालावर कोल्हापूरच्या व्यापाऱ्याने सवयीने महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लावला, तर त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) तुम्हाला मिळत नाही. त्याच दिवशी फोन केला तर तो बिल बदलून देतो. महिनाअखेरीचा गठ्ठा होईपर्यंत थांबलात, तर ११ तारखेला त्याचा जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरणपत्र) भरून झालेला असतो आणि मग दुरुस्तीसाठी त्याच्या मागे लागावं लागतं. १४ तारखेला २बी (पोर्टलवर येणारी तुमच्या खरेदीच्या क्रेडिटची यादी) आला की रोज चढवलेल्या यादीशी ताडून बघा, म्हणजे २० तारखेच्या ३बी (कर भरायच्या विवरणपत्रा) आधी हातात सहा दिवस उरतात.

लग्नसराईत हे मोडणार. त्या दिवसांत बिलं चढवू नका, फक्त ते दोन आकडे बघा आणि चुकीचं बिल वेगळ्या क्लिपला लावा.

प्रश्न : पहाटे पाचला उठून अभ्यास आणि व्यायाम करून मग बेळगावला ऑफिस गाठायचं आहे. तीनदा सुरू केलं, तीनदा सुटलं. (खानापूर)

उत्तर : झोपायची वेळ आहे तीच ठेवून उठायची तेवढी अलीकडे ओढलीत, तर चौथ्यांदाही सुटेल. आधी रात्रीचा मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा आणि झोप दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे आणा. अभ्यास आणि व्यायाम एकदम नको. अभ्यास गाडीत बसूनही होतो.

प्रश्न : पतसंस्थेत कर्जाच्या कागदपत्रांचं काम आहे. कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. पहाणी (कर्नाटकातला सातबारा) दुसऱ्याकडून वाचून घेण्यात रोज वेळ जातो. (खानापूर तालुका)

उत्तर : कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत रोज एक पहाणी स्वतः वाचायची. पूर्ण नाही. नववा रकाना मालकाच्या नावाचा, अकरावा हक्क आणि बोजाचा. तुमच्या कामाचे हे दोन. ज्याच्याकडून वाचून घेता, त्याच्याकडून नंतर फक्त तपासून घ्या.

वर्णमालेचा क्रम आपलाच आहे, ‘ळ’सुद्धा आहे, त्यामुळे दिवसाला दोन अक्षरं जड जात नाहीत. अडतं ते जोडाक्षरात : दुसरं व्यंजन खाली लटकतं, आणि रफार डोक्यावर न येता अक्षराच्या पुढे उजवीकडे येतो. ‘ए’ आणि ‘ओ’ ऱ्हस्व-दीर्घ असे दोन-दोन असतात. शब्द थोडेच लागतात. हेसरू म्हणजे नाव, तंदे म्हणजे वडील, विस्तीर्ण म्हणजे क्षेत्र. ग्राम, तालुका, दिनांक, सही हे तर वाचताक्षणी कळतील.

क्षेत्र उतरवून घेताना मात्र जपा. ते एकर-गुंठ्यात असतं आणि ४० गुंठ्यांचा एकर होतो. २-१० म्हणजे दोन एकर दहा गुंठे, म्हणजे सव्वादोन एकर. कॉम्प्युटरमध्ये २.१० टाकलंत तर तारणातली सहा गुंठे जमीन कागदावर नाहीशी होते.