ई-पुस्तक किंडल, ॲपल बुक्स, कोबो आणि गूगल प्लेवर टाकायचं तर प्रत्येकासाठी वेगळी फाइल करावी लागते का? कव्हर केवढं हवं?

नाही. एकच स्वच्छ ईपब ३ (ई-पुस्तकांचा सर्वमान्य फाइल-प्रकार) करा, चौघेही ती घेतात. किंडलसाठी मोबी (किंडलचा जुना फाइल-प्रकार) करायला सांगणारे लेख अजून फिरतात, पण साध्या मजकुराच्या पुस्तकांसाठी केडीपीने, म्हणजे ॲमेझॉनच्या किंडल-प्रकाशन सेवेने, मोबी घेणं २०२१ मध्येच बंद केलं.

खरी मेख 'स्वच्छ' या शब्दात आहे. 'वर्डची फाइल थेट चढवा, बाकीचं दुकान बघून घेतं' म्हणणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. केडीपी आणि कोबो वर्ड घेतात, कबूल. पण फाइलच्या पोटात काय चाललंय ते दुकान बघत नाही. दुसरीकडून आणून चिकटवलेल्या परिच्छेदाबरोबर अक्षरांचा काळा रंगही येतो. वर्डमध्ये 'ऑटोमॅटिक' आणि 'काळा' हे दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. वाचक रात्री काळी पार्श्वभूमी लावतो आणि मधलाच एक परिच्छेद गायब होतो, कारण काळ्यावर काळं. उपाय दोन मिनिटांचा आहे: सगळा मजकूर निवडून रंग 'ऑटोमॅटिक' करा. कंट्रोल-स्पेस मात्र दाबू नका, त्याने तिरपे आणि ठळक शब्दही सपाट होतात. मग त्यातून केलेली ईपब सिजिलमध्ये (ईपब संपादित करायचं सॉफ्टवेअर) उघडून आतल्या कोडमध्ये 'कलर' शोधा. मूळ मजकुराला रंग लावणारी कोडची प्रत्येक ओळ उडवा. फाँटचं नाव आणि पॉइंटमधला आकारही काढा, तो अधिकार वाचकाचा.

परिच्छेदाची सुरुवात स्पेसबार दाबून आत सरकवू नका, एचटीएमएलमध्ये पाच स्पेसची एकच उरते. स्टाइलमध्ये दीड ईएमचा (ईएम म्हणजे अक्षराच्या आकाराएवढं माप) इंडेंट द्या. प्रकरण नव्या पानावर नेण्यासाठी एंटरचा मारा करणं तर गुन्हाच. प्रकरणांच्या नावांना 'हेडिंग १' द्या, प्रत्येक प्रकरण वेगळ्या फाइलीत तोडा. अनुक्रमणिका त्यातूनच तयार होते.

ईपबच्या माहितीतल्या भाषेच्या खान्यात बऱ्याचदा इंग्रजी तसंच राहून जातं. मराठी पुस्तकाला 'एमआर' (mr) हवं, नाहीतर शब्दकोश भलत्याच भाषेचा उघडतो. हस्तलिखित जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात असेल तर आधी ते बदला. तोवर बाकी सगळं फुकट.

यानंतर ईपबचेक (ईपबमधल्या चुका शोधणारं साधन) चालवा, शून्य त्रुटी येईपर्यंत. 'आरएससी-००७' म्हणजे मजकुरात नाव असलेली फाइल सापडत नाही. बहुतेक वेळा चित्राच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा घोळ असतो. 'पीकेजी-००६' आली तर कुणीतरी ईपब उलगडून, राइट-क्लिक करून पुन्हा झिप केलेली असते. 'माइमटाइप' ही फाइल झिपमध्ये पहिली आणि न दाबलेली (कॉम्प्रेस न केलेली) असावी लागते. सिजिलमधून सेव्ह केलं की हा प्रश्नच येत नाही.

कव्हर १६०० × २५६० पिक्सेल, उभं, जेपेग, आरजीबी. किंडलचं आदर्श माप हेच. ॲपलला लहान बाजू किमान १४०० लागते, तीही भागते. किंडलसाठी तेच चित्र आत पहिलं पान म्हणून घालू नका, दोनदा दिसतं. आतलं कुठलंही चित्र ५६ लाख पिक्सेलच्या वर गेलं तर ॲपल अडवतं. शिवाय ७० टक्के मानधनाच्या पर्यायात केडीपी फाइलच्या एमबीप्रमाणे पोहोचवण्याचा खर्च कापतं, म्हणजे जड फोटोंचे पैसे तुमच्याच खिशातून.

'एकच फाइल' म्हटलं खरं, पण शेवटच्या पानावर 'अभिप्राय द्या' म्हणून ॲमेझॉनची लिंक असेल तर ॲपल पुस्तक परत पाठवतं. तिथे स्वतःच्या संकेतस्थळाची लिंक द्या किंवा तेवढं एक पान बदलून दुसरी प्रत काढा. चित्रपुस्तकांना यातलं बरंचसं लागू नाही. त्यांचं फिक्स्ड लेआउट (पानाची मांडणी जागच्या जागी पक्की) प्रत्येक ठिकाणी वेगळं तपासावं लागतं.

आणि हो, पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये (ई-पुस्तक फक्त किंडलवर ठेवायची ॲमेझॉनची योजना) घातलं असेल तर ९० दिवस त्याचं ई-पुस्तक दुसरीकडे विकताच येत नाही. मुदत आपोआप वाढते, तेव्हा आपोआप मुदतवाढीची खूण आधी काढा.