आजीच्या दुखण्यात आईची विचारपूस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझ्या पत्रात आजीच्या स्मृतिभ्रंशाविषयी दोन पाने आहेत आणि आईविषयी एकच ओळ, ‘आई हल्ली फार चिडते’. उत्तराची सुरुवात मी त्या ओळीपासून करतो. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात नोकरी करताना सतत दिसत असे की, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला घेऊन येणाऱ्या सुनेला किंवा मुलीला तिची स्वतःची प्रकृती कोणी विचारत नाही, आणि तीही सांगत नाही. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र कधीच संपलेल्या असतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना हा विकार आहे. त्यांतले बहुतेक जण घरीच असतात आणि भार बहुधा एकाच माणसावर पडतो.

चिडण्याचे कारण स्वभावात शोधण्याआधी आई रात्री सलग किती तास झोपते ते पाहा. दिवेलागणीला आजीची घालमेल वाढते, ‘मला घरी जायचंय’ सुरू होते आणि मध्यरात्री ती दाराची कडी चाचपते, हे तूच लिहिले आहेस. वन रूम किचनमध्ये ‘तू जरा पड’ या सांगण्याला काही अर्थ नसतो. तेव्हा शनिवारची रात्र तुझी असे ठरव, आणि त्या रात्री आईला मावशीकडे झोपायला पाठव, कारण घरात राहिली तर तिचा एक कान जागाच असेल. मुलुंडहून फोर्टला रोज गर्दीतून जाणाऱ्याला आठवड्याची सुट्टी किती मोलाची असते हे जाणूनही मी ती मागतो आहे. आजीला अंघोळीत तुझा संकोच वाटत असेल तर तेवढे काम बाईमाणसाकडे राहू दे. पण भरवणे, औषधे देणे, रात्री उठणे ही सुनेचीच कामे आहेत असे कुठेही ठरलेले नाही.

काकांचे म्हणणे, ‘आम्हाला तर आई चांगली वाटली’, खोटे नसावे. तासाभराच्या भेटीत असे रुग्ण अनेकदा सावरून बोलतात. म्हणून काकांशी वाद न घालता त्यांना सलग दोन रात्री राहायला बोलाव. आजीला सांभाळायला ब्युरोकडून बाई ठेवायची, तर तिच्या पगारातला काकांचा वाटा त्यानंतर बोलायला घे. तो क्रम मला अनुभवाने बरा वाटतो. बाई कोणत्या वेळेला हवी, हे मात्र आईनेच ठरवावे.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. आजी दोन-चार दिवसांतच एकदम बिघडली, जास्त गोंधळली किंवा सुस्तावली, तर ‘आजार वाढला’ असे गृहीत धरू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता किंवा नवे औषध हेही कारण असू शकते, आणि ते उपचाराने सुधारू शकते. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवलेत तर आईच्या कितीतरी जागरणाच्या रात्री वाचतील.

आई कधीतरी आजीवर ओरडेल आणि मग स्वयंपाकघरात रडेल. त्या वेळी तिला समजुतीच्या चार गोष्टी सांगू नकोस. रात्रभर झोपलेल्या माणसाने त्या सांगूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला बोलू दे. घरच्यांपुढे मन मोकळे होत नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया या, स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेची मुंबईत शाखा आहे. तिथे चौकशी कर. हेच दुखणे घरात असलेल्या दुसऱ्या बाईशी बोलताना आईला ‘मी वाईट आहे का’ असे विचारावे लागणार नाही.

पुढेमागे आजीला निवासी केंद्रात ठेवण्याचा विषय निघाला आणि आईने होकार दिला, तर नातेवाइकांपुढे तिच्या बाजूने तू बोल. तूर्तास या आठवड्यात आईचा रक्तदाब आणि साखर तपासून घे. रजा काढून तूच तिच्याबरोबर जा. तेवढा वेळ आजीजवळ काका बसतील.

कळावे, लोभ असावा.