बायबलमधल्या घटना इतिहास म्हणून खऱ्या आहेत का? शंका येत असतील तर घरी सांगावं का?

उत्खननांविषयी वाचायला लागल्यापासून उपासनेत मन लागत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आणि पुढे, "पप्पांना कळलं तर त्यांना काय वाटेल?" या वाक्यासाठी मी उत्तर लिहितेय.

आधी इतिहासाचं. सगळं घडलंय असं नाही आणि सगळं रचलेलंही नाही. राजा दावीद काल्पनिक होता म्हणणाऱ्यांची पंचाईत १९९३ मध्ये उत्तर इस्राएलातल्या तेल दानला सापडलेल्या शिलालेखाने केली, इ.स.पू. नवव्या शतकातल्या त्या लेखात शत्रुराजानेच 'दाविदाचं घराणं' असा उल्लेख केलाय. यहोशवाच्या वेळी यरीहो शहराचा तट कोसळला असं बायबल सांगतं, ते मात्र जुळत नाही. पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केनियन यांनी १९५०च्या दशकात तिथे खोदलं, तर तटबंदीचं शहर साधारण इ.स.पू. १५५० लाच उद्ध्वस्त झालेलं निघालं, आणि यहोशवाचा काळ बरेच अभ्यासक तेराव्या शतकात धरतात. यहूदाचा राजा हिज्कीया याने अश्शूरचा राजा सन्हेरीब याला दिलेली खंडणी बघा: बायबलमधलं '२ राजे' हे पुस्तक म्हणतं ३० किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं, ३०० किक्कार चांदी, सन्हेरीबचा लेख म्हणतो सोनं ३०च, चांदी ८००. घटना एकच, हिशेब दोन.

मी अडले ती लूकच्या शुभवर्तमानातल्या नावनिशीपाशी, म्हणजे येशूच्या जन्माच्या वेळी ज्या जनगणनेसाठी योसेफ बेथलेहेमला गेला असं लूक सांगतो तिच्यापाशी. मी पुण्यात कॅम्पात वाढले. कॉलेजात असताना आमच्या तरुण संघाचं नाताळचं नाटक बसत होतं आणि मी लायब्ररीतून पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसीफस आणून वाचत होते. मत्तयप्रमाणे येशूचा जन्म राजा हेरोदाच्या काळात, आणि हेरोद वारला इ.स.पू. ४ च्या सुमारास. लूक जिचं नाव घेतो ती रोमी सुभेदार क्विरीनियची नावनिशी इ.स. ६ ची. तेव्हा नासरेथचा प्रांत गालील रोमच्या थेट ताब्यातही नव्हता, हेरोदाचा मुलगा हेरोद अंतिपा याच्याकडे होता. मग नासरेथच्या योसेफाला बेथलेहेमला कोणी पाठवलं? मी हे तालमीत विचारलं. चालवणाऱ्या गृहस्थांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हा प्रश्न सैतानाचा आहे, आणि निवेदन माझ्याकडून काढून घेतलं.

रात्री पप्पांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मला हे माहितीये. मी तुझ्याएवढा असल्यापासून माहितीये." मग म्हणाले, मंडळीत बोलू नकोस, लोकांची श्रद्धा डळमळते.

यावर आमचं आजही पटत नाही. माझ्या मते श्रद्धा डळमळते ती गप्प बसण्याने. त्या संघातली हुशार मुलं एकेक करून निघून गेली. एक चूक निघाली तर सगळं खोटं, हे त्यांना आपल्याच लोकांनी शिकवलं होतं. चूक सापडली आणि त्यांनी शिकवल्याप्रमाणे केलं. पप्पांसारखा माणूस, ज्याने सगळं वाचूनही रोज गुडघे टेकून प्रार्थना केली, त्याने एकदा उभं राहून "मलाही हे जुळत नाही" एवढं म्हटलं असतं तर त्यातली दोन-तीन तरी थांबली असती. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतरही तिथल्या सिस्टरांशी त्रैक्यावरून (पिता, पुत्र, पवित्र आत्मा हा एकच देव, या शिकवणीवरून) पत्रांतून वाद घातला. पुढे त्याच बाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. प्रश्न विचारणं आपल्याकडे नवीन नाही.

तेव्हा घरी सांगा. पप्पांना दुखवाल म्हणून घाबरू नका, कदाचित त्यांनीही कोणाला सांगितलेलं नसेल. आणि त्यांनी "मलाही माहितीये" म्हटलं, तर तिथेच सोडू नका. मंडळीत का बोलला नाहीत, हे विचारा.

पुनरुत्थानाचं काय, हेही तुम्ही विचारलंय. ते खोदून सिद्ध होणार नाही आणि खोटंही ठरणार नाही. माझा त्यावर विश्वास आहे, तुमचं तुम्ही ठरवा. आणि हो, घरचे फी बंद करतील किंवा हात उचलतील अशातले असतील, तर नोकरी लागेपर्यंत काही बोलू नका.