मालदीवच्या रिसॉर्टवर खाण्यापिण्याला आणि खरेदीला किती पैसे धरावेत?

खाण्याचा खर्च बुकिंग करतानाच मिटवून टाका. तिथे बहुतेक रिसॉर्ट म्हणजे एक अख्खं बेट, त्यामुळे आतलं महाग वाटलं म्हणून बाहेर टपरीवर जाऊन खाऊ, ही सोयच नाही. फक्त नाश्त्याचं पॅकेज स्वस्त दिसतं, पण मग दोन्ही वेळचं जेवण मेनूच्या दराने पडतं. माझ्या मते हाफ बोर्ड (नाश्ता आणि रात्रीचं जेवण) पुरतं; दुपारी कुणाला फारशी भूक नसते. ऑल इनक्लुसिव्ह (सगळं जेवण आणि दारूही धरून) पिणाऱ्यांसाठी. दारूची बाटली इथून नेऊ नका, विमानतळावर ठेवून घेतात.

मेनूवर किमतीपुढे ‘++’ असेल तर त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि त्या बेरजेवर १७ टक्के कर (जुलै २०२५ पासूनचा दर). म्हणजे १०० डॉलरचं जेवण जवळजवळ १२९ ला! पॅकेजच्या किमतीबद्दलही हेच विचारून घ्या.

खरेदी रिसॉर्टच्या दुकानात नको. परतताना राजधानी मालेमध्ये थोडा वेळ मिळाला तर चांदनी मागू या दुकानांच्या रस्त्यावर जा आणि घासाघीस करा. बरंचसं बाहेरून आलेलं असतं; स्थानिक हवं तर लाकडावरचं लाखकाम बघा. कासवाच्या पाठीच्या वस्तू, काळं प्रवाळ मात्र नको, देशाबाहेर न्यायला बंदी आहे.