सुट्टीतलं गाव आणि बारा महिन्यांचं गाव

"मॅडम, पेन्शन आलोय. आता राहायचं कुठं, तेवढं सांगा."

गेल्या काही वर्षांत हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की शेवटी लिहायलाच बसले. नाशिकमध्ये समुपदेशन करायचं म्हणजे फौजी घरांशी गाठ पडतेच. नाशिक रोडला तोफखाना केंद्र, देवळालीत तोफखान्याची शाळा, ओझरला हवाई दलाचा डेपो. अठराव्या-विसाव्या वर्षी इथं प्रशिक्षण संपवून कसम परेड (शपथेची परेड) करून गेलेला पोरगा पंचेचाळिशीत परत येतो, कॅन्टीन आणि दवाखाना हाताशी म्हणून जेल रोड, उपनगर, लॅम रोड, पाथर्डी फाटा अशा भागात भाड्याचं घर बघतो आणि मग ठरवत बसतो. गावी बांधायचं? इथं फ्लॅट घ्यायचा? की पोरं पुण्याला शिकायला गेली की त्यांच्यामागं जायचं?

माझ्याकडे येतात तोवर बहुतेकांनी वही भरलेली असते. एका पानावर गाव, समोरच्या पानावर शहर. खाली बेरीज-वजाबाकी. तरी निर्णय होत नाही, आणि घरात जेवताना कुणी कुणाशी बोलत नाही.

अशाच एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे; नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. त्यांना माधवराव आणि लताताई म्हणू.

माधवराव नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले, नोकरी २६ वर्षं. गाव सिन्नरच्या पूर्व भागात, वावीच्या पुढं. हा भाग पर्जन्यछायेतला. नाशिक म्हटलं की द्राक्षांच्या बागा आणि भरलेलं गंगापूर धरण आठवतं, पण त्याच जिल्ह्यात हेही आहे: बाजरी, पाणी लागलं तर कांदा, आणि उन्हाळ्यात टँकर. निवृत्तीला सात महिने झाले होते. ट्रंका भावाच्या ओट्यावर, संसार जेल रोडला भाड्याच्या दोन खोल्यांत, मुलगी बारावीला, मुलगा आठवीत.

पहिल्या दोन भेटींना ते एकटे आले. ताठ बसायचे, टोपी नसतानाही टोपी असल्यासारखे. म्हणाले, "मला गावी जायचंय. सव्वीस वर्षं ज्या मातीसाठी बाहेर राहिलो, तिथंच राहायचंय. पण घरातून साथ नाही. लताला शहराची हवा लागलीय."

मी त्या दोन भेटी पलटन सुटल्याच्या दुःखावर घालवल्या. ते दुःख खरंच होतं. पहाटे साडेचारला जाग यायची आणि उठून करायचं काय ते कळायचं नाही. बिल्डिंगच्या वॉचमनला ते सकाळी हजेरी दिल्यासारखे भेटून यायचे. बोलल्यावर त्यांना बरं वाटायचं, पण राहायचं कुठं हा प्रश्न होता तिथंच होता.

माझी घडण कुटुंबाला एकत्र बसवून ऐकणाऱ्या परंपरेतली आहे. माझ्या अनुभवात असा प्रश्न क्वचितच एका माणसाच्या डोक्यात अडकलेला असतो. तो दोघांच्या मधे कुठेतरी पडलेला असतो, आणि दोघं समोर बसल्याशिवाय दिसत नाही. हे माहीत असून मी दोन भेटी एकट्या माणसावर थांबले. तिसऱ्या वेळी म्हटलं, "साहेब, पुढच्या वेळी ताईंना घेऊन या."

लताताई आल्या, पदर सावरून खुर्चीच्या कडेला बसल्या. अर्धा तास माधवरावच बोलत होते. गावचा पार, सप्त्यातलं कीर्तन, जत्रेतल्या कुस्त्या, मळ्यातलं हुरड्याचं जेवण. डोळ्यांत चमक होती. ताई नुसत्या मान हलवत होत्या. मी विचारलं, "ताई, तुम्हाला काय वाटतं?" तर म्हणाल्या, "हे म्हणतील तसं." हे उत्तर मी जिथं जिथं ऐकलंय, तिथं तिथं त्याच्याखाली काहीतरी दाबून ठेवलेलं निघालंय.

मग मी माधवरावांना एक साधी गोष्ट विचारली.

"साहेब, जत्रा नको, दिवाळी नको. एप्रिल महिन्यातला एक मंगळवार घ्या. गावी राहायला जाऊन वर्ष झालंय. त्या दिवशी काय काय करता, सकाळपासून सांगा."

"पाचला उठणार. धावून येणार. मग मळ्यात एक चक्कर. मग पारावर बसू, मंडळी भेटतील."

"किती वाजले?"

"साडेनऊ."

"मग?"

"मग…" ते थांबले. "मग जेवण."

"ते एक वाजता. साडेनऊ ते एक?"

त्यांनी माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, जणू उत्तर तिथं असावं. बराच वेळ खोलीत पंख्याचा आवाज तेवढा होता. मी काही बोलले नाही. अशा वेळी न बोलणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड काम, आणि ते मला आता जमतं असं मी मानते.

मग ताईंकडे वळले. "तुम्ही सांगता का तोच मंगळवार?"

त्या बोलू लागल्या आणि वीस मिनिटं थांबल्या नाहीत.

"टँकर काय ठरल्या वेळी येतो का? अकराला म्हणतात, दोनलाही येतो. तोवर घर सोडून जाता येत नाही. ड्रम रांगेत लावायचे. आपला ड्रम कुणी मागं सरकवला की भांडण. ते पाणी हंड्यानं आत न्यायचं, सासूबाईंच्या आंघोळीचं वेगळं, गुरांचं वेगळं. दीर-जाऊ मळ्यात. सासऱ्यांना दम्याचा त्रास, त्यांना घेऊन सिन्नरला जायचं तर एसटीची वाट बघायची. पोरगी एकदा तापानं फणफणली होती, रात्री दोनला. शेजारच्या दादांची मोटरसायकल मागितली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरात त्यावरून बोलणी झाली, ती मला ऐकू येत होती."

अकरा वर्षं. लग्न झाल्यापासूनची अकरा वर्षं ताई त्या घरात राहिल्या. फॅमिली क्वार्टर मिळालं ते दोनदाच, एकदा बबिन्याला आणि एकदा जोधपूरला. बाकी नवरा फील्डला आणि त्या गावी. मुलीची दहावी जवळ आली तेव्हा कुठं त्या नाशिकला आल्या.

माधवराव ऐकत होते. हळू आवाजात म्हणाले, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही सुट्टीवर यायचात. त्यात रडगाणं गायचं होय?" आणि मग त्याहूनही हळू, "तुम्ही येणार म्हटलं की चार दिवस आधी आम्ही सगळे ड्रम भरून ठेवायचो. तुम्हाला पाणी कमी पडू नये म्हणून."

तेव्हा मला लख्ख दिसलं. भांडण गाव की शहर हे नव्हतंच. दोघं एकच शब्द वापरत होते आणि दोघांचं गाव वेगळं होतं. जवानाला वर्षाला साठ दिवसांची मोठी सुट्टी मिळते. सगळी दर वर्षी मिळाली असं धरलं तरी २६ वर्षांत ती सव्वाचार वर्षं भरतात, आणि ती सगळी पाहुणा म्हणून. कोंबडं कापलेलं, अंगण सारवलेलं, ड्रम भरलेले. माधवरावांचं गाव खोटं नव्हतं. पण ते सुट्टीतलं गाव होतं. लताताईंचं बारा महिन्यांचं.

इतकी वर्षं फौजी कुटुंबांसोबत काम करून हे मला त्या दिवशी कळलं. त्याआधी मी प्रत्येक वेळी परत येणाऱ्यालाच विचारत होते, आणि जी माणसं त्या पत्त्यावर राहिली होती त्यांना "साथ देणारी" किंवा "न देणारी" एवढ्याच नजरेनं बघत होते.

पुढच्या भेटीला ताईंनी मोबाइलवर एक फोटो दाखवला. भावाच्या ओट्यावरची काळी लोखंडी ट्रंक. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. रँकच्या जागी रंगाचा जाड थर चढलेला, कारण गनरपासून नायब सुभेदारापर्यंत दर बढतीला जुनं खोडून नवं लिहिलेलं. तिरकं पाहिलं की खालची जुनी अक्षरं उठून दिसत होती. त्याखाली मुक्काम, पोस्ट, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. ती ओळ एकदाही बदललेली नव्हती. माधवराव म्हणाले, "हीच बघून रोज झोपायचो." ताई म्हणाल्या, "आणि मी त्या पत्त्यावर राहायचे." या वेळी दोघंही हसले. आता यांचं जमेल, असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतर मी त्यांना जे सांगितलं, तेच आता येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

पहिलं वर्ष काही बांधू नका आणि काही विकत घेऊ नका. फंड, ग्रॅच्युइटी आणि विकलेल्या पेन्शनची रक्कम एकदम हातात येते, आणि ती आल्याची बातमी तुमच्याआधी नातेवाइकांना नि प्लॉटवाल्यांना कळते. पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग असा आगाऊ घेता येतो, पण तेवढी कपात पंधरा वर्षं सोसावी लागते. या पैशाचं घर चुकलं तर पुन्हा तेवढा पैसा एकरकमी हातात येत नाही. वर्षभराचं घरभाडं जातं म्हणून जीव हळहळतो, मला माहीत आहे. जाऊ द्या.

पण ते वर्ष रिकामं घालवू नका. आमच्या देवळालीला याचा जुना दाखला आहे. इंग्रजांच्या काळात नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत थांबायचे. हंगाम चुकला की महिनोन्महिने ना काम, ना कवायत, नुसता उकाडा. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरून पडला. लढाईत टिकलेली माणसं तिथं नुसतं बसून खचली. माधवरावांचे ते सात महिने मला त्याच जातीचे वाटले. म्हणून म्हणते, थांबा, पण हाताला काम ठेवून थांबा. पंचेचाळिशीत पेन्शन आलेल्या माणसापुढे अजून तीसेक वर्षं आहेत. डीएससीत (लष्करी ठिकाणांच्या पहाऱ्यासाठी माजी सैनिकांना पुन्हा घेणाऱ्या दलात) जायचं, बँकेत लागायचं की शेती करायची, हे आधी ठरू द्या. घर त्यामागून येतं.

गावी राहून बघा, पण मार्च ते मे. आणि एकट्यानं नको. स्वतः ड्रम भरा.

दवाखान्याचं अंतर आजच्या गुडघ्यांनी मोजू नका. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड असलं तरी बहुतेक वेळा आधी पॉलिक्लिनिकला जाऊन चिठ्ठी घ्यावी लागते, मग मोठं हॉस्पिटल. पासष्टीत छातीत कळ आली तर तुमच्या दारातून तिथवर कोण नेणार, त्या माणसाचं नाव सांगता आलं पाहिजे. घरपट्टी माफीसारख्या सवलतींवरून मात्र घर ठरवू नका. ती सवलत आता शहरातही मिळते, फक्त एका घरापुरती.

आणि भावाशी बोला. हे सगळ्यात शेवटी सांगते, कारण सगळे हेच टाळतात. तुम्ही दूर असताना त्यानं जमीन कसली, आई-वडील सांभाळले. तुम्ही पैसे पाठवलेत, त्यानं अंग झिजवलं. दोघांच्या मनातले हिशेब वेगळे असतात. वाटणी कागदावर येण्याआधी विटा आणल्या, तर त्या विटा भाऊ तुमच्या नजरेनं बघणार नाही. माधवराव माझ्याकडून हे ऐकून आठवडाभर रागावले होते. मग एका रविवारी गेले, भावाला म्हणाले, "तू सांग, मी ऐकतो." चार तास बसले. काय बोलणं झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

एप्रिल-मे दोघं गावी राहिले, मुलं मावशीकडे. माधवरावांनी टँकरच्या रांगेत आपल्या पद्धतीनं शिस्त लावायला घेतली. तीन दिवस लोकांनी ऐकलं, चौथ्या दिवशी सरपंचाच्या पुतण्याशी वाजलं. रात्रपाळीच्या विजेवर मोटर सुरू करायला दोनला उठले. परत आले तेव्हा रापलेले होते आणि बोलणं बदललेलं होतं. म्हणाले, "मॅडम, गाव अवघड आहे. पण मला पाहिजे."

ताई म्हणाल्या, "मला नको असं मी कधी म्हटलंच नव्हतं. मला तसं नको होतं."

सध्या मुलाची दहावी होईपर्यंत जेल रोडचं भाड्याचं घरच आहे. माधवराव एका बँकेत लागले आहेत, सुट्टीला गावी जातात. वाटणीतल्या दोन गुंठ्यांवर पुढं दोन खोल्या बांधायच्या, सामाईक नाही, स्वतंत्र दाराच्या, असं ठरलंय. ताईंची एक अट होती आणि ती त्यांनी माझ्यासमोर, पदर न सावरता, खुर्चीत मागं टेकून सांगितली: टाकी आधी, भिंती मागून.

परवा माधवरावांचा मेसेज आला. एक फोटो होता. मोकळं रान, चार कोपऱ्यांना चुन्याच्या खुणा, घराचा अजून पत्ता नाही. मधोमध विटांच्या ओट्यावर पाच हजार लिटरची काळी टाकी उभी, आणि तिच्या सावलीत एक कुत्रं झोपलेलं.