उघड्या गाडीला अलार्म: आधी अर्थिंग तपासा

प्रश्न: काका, बाबांनी जिवापाड सांभाळलेली १९६५ची एमजीबी रोडस्टर, ब्रिटिश बनावटीची उघडी गाडी, आता माझ्याकडे आली आहे. घोडबंदर रोडला आमच्या सोसायटीच्या पोडियमवर ती उभी असते. हूड, म्हणजे वरचं छत, कापडी आहे, टिचबटणं उघडली की कुणीही आत हात घालू शकतं. मागच्या महिन्यात कुणीतरी आत बसून गेलं, सीट पुढे सरकवलेली होती. अॅक्सेसरीवाला म्हणतो, रिमोटचा अलार्म दोन तासांत बसवून देतो. बसवू का? गाडी महिन्यातून एखाददुसऱ्या रविवारीच निघते.
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर: ताई, अलार्म जरूर बसवा. पण गाडीचा अर्थ कुठला, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलं आहे, हे न विचारता वायरीला कटर लावणाऱ्याकडून मुळीच नको. १९६२ साली एमजीबी आली तेव्हापासून १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला असायचा. पुढे बॅटरी चार्ज करणारा डायनमो जाऊन अल्टरनेटर आला आणि मायनस बॉडीवर आला. आज मिळणारे रिमोट अलार्म मायनस अर्थ धरूनच बनवलेले असतात. सवयीनं काळी वायर बॉडीला कसली आणि लाल वायर फ्यूजला दिली, की उलटा करंट जाऊन युनिट जळतं. वागळे इस्टेटच्या माझ्या दुकानात अशीच एक जुनी ब्रिटिश गाडी टोचन करून आणली होती. अलार्मच्या डब्याला जळका वास येत होता, आणि डॅशखाली मूळ हार्नेसच्या, म्हणजे गाडीभर फिरणाऱ्या वायरींच्या जुडग्याच्या, वायरी कापून काळ्या टेपनं गुंडाळून ठेवल्या होत्या. डब्याचं काही नाही, तो फेकता येतो. हार्नेस बदलायची म्हणजे अख्खी गाडी उसवावी लागते.

साल बघून अर्थ ठरवू नका, कारण मधल्या काळात बाबांच्या मेकॅनिकनं तो बदललाही असेल. मल्टिमीटर वीस व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॉडीच्या उघड्या धातूला आणि लाल पिन फ्यूजबॉक्सवरच्या तपकिरी वायरीला लावा. ब्रिटिश गाड्यांना विजेचे भाग पुरवणाऱ्या लुकास कंपनीच्या रंगपद्धतीत तपकिरी वायर कायम चालू असते, पांढरी चावी फिरवल्यावर चालू होते, आणि काळी अर्थाची. मीटरनं उणे बारा दाखवलं तर प्लस अर्थ.

असं निघालं तर केवळ अलार्मसाठी अर्थ उलटा करून घेऊ नका. त्यात डायनमोला नव्यानं पोलॅरिटी द्यावी लागते, ठिणगीची वीज देणाऱ्या इग्निशन कॉइलच्या वायरी बदलाव्या लागतात, आणि डॅशवरचा आरपीएमचा काटा आतून दुरुस्त केल्याशिवाय चालत नाही. त्यापेक्षा अलार्मचं युनिट बॉडीपासून वेगळं ठेवा. प्लास्टिकच्या डब्यात रबरावर बसवा, त्याची काळी वायर फ्यूज घालून तपकिरी वायरीला द्या आणि लाल वायर बॉडीला. दाराच्या बटणासाठी प्लस ट्रिगरची इनपुट, म्हणजे प्लसचा इशारा मिळाला की वाजण्याची सोय, असलेलाच अलार्म घ्या. साइड लाइट लुकलुकवायच्या असतील तर मध्ये रिले, म्हणजे विजेनं चालणारा स्विच, लागेल. एवढं सगळं ज्याला तुम्ही न सांगता कळतं, त्याच्याच हातात गाडी द्या. जोडणी मूळ कनेक्टरवरून घ्यावी, वायर कापू नये. नवी वायर वेगळ्या रंगाची असावी आणि तिचा नकाशा कागदावर काढून तुमच्याकडे द्यावा.

आता अलार्मनं नेमकं काय राखायचं? कापडी हूडच्या गाडीत दाराच्या बटणावर भिस्त ठेवून उपयोग नाही, आत शिरणारा दार उघडतच नाही. बंद गाडीतला अल्ट्रासॉनिक सेन्सर, जो आतल्या हवेतली हालचाल ओळखतो, इथे कामाचा नाही. हूड उघडं असलं की तो वाऱ्यानंच वाजतो, आणि बंद असलं तरी कापड फडफडलं की वाजतो. मायक्रोवेव्ह सेन्सर घ्या. तो दोन्ही सीटांच्या मधल्या उंचवट्यावर बसतो. त्याच्या लहरी कापडातून बाहेर जातात, म्हणून संवेदनशीलता इतकी कमी करा की शेजारच्या गाडीत बसणाऱ्या माणसानं तो वाजू नये. बॉनेटला आणि डिकीला पिन स्विच, म्हणजे झाकण उघडलं की अलार्मला कळवणारी बटणं, हवेतच. ठाण्याच्या पावसाळ्यात ते गंजतात, तेव्हा जून लागायच्या आधी काढून पुसा आणि ग्रीस लावा.

पण माझा खरा भर सायरनवर नाही. हूडमधून आत येणाऱ्याला तुम्ही अडवू शकणार नाही, गाडी हलवणाऱ्याला अडवू शकता. एमजीबीचा एसयू कंपनीचा पेट्रोल पंप मागे, उजव्या चाकाच्या पुढे असतो आणि चावी फिरवली की टकटक वाजतो. त्याच्या पांढऱ्या वायरीत इमोबिलायझरचा, म्हणजे गाडी चालू न देणाऱ्या यंत्रणेचा, रिले घाला. रिले नॉर्मली क्लोज्ड, वीज नसताना जोडलेला राहणारा, अशाच प्रकारचा हवा, म्हणजे अलार्म बंद पडला तरी चालत्या गाडीचा पंप थांबणार नाही. घोडबंदर रोडवर ट्रेलरच्या पुढे गाडी बंद पडणं हे चोरीपेक्षा वाईट. फक्त लक्षात घ्या, कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी सुरू होते आणि थोडी पुढे जाऊन थांबते. तेवढीही जाऊ द्यायची नसेल तर इग्निशन कॉइलला वीज देणाऱ्या वायरीत दुसरा रिले घाला. मी दोन्ही घालीन, कारण बॉनेट उघडून बॅटरीची वायर थेट कॉइलला देणं चोराला सोपं जातं, मागच्या पंपापर्यंत पोचणं तसं नाही.

उरला बॅटरीचा प्रश्न, आणि तुमची गाडी उभीच असते म्हणून तोच सगळ्यात नडेल. सीटामागे कार्पेटखालच्या झाकणात सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. अलार्म जागा राहायला साधारण तीस मिलिअँपिअर घेतो. दिवसाला झाले सुमारे ०.७ अँपिअर-तास. पन्नास अँपिअर-तासांची बॅटरी पाच आठवड्यांत अर्धी रिकामी होईल, आणि अर्ध्यावर स्टार्टर कुरकुरायला लागतो. पोडियमवर चार्जर लावायला प्लग नसणार. म्हणून बॅटरीच्या अर्थाच्या पट्ट्यात काढता येणाऱ्या चावीचा आयसोलेटर, म्हणजे बॅटरी तोडणारा स्विच, बसवा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये पाच अँपिअरचा फ्यूज टाका. चावी काढली तरी त्या बारीक वाटेनं अलार्म जागा राहतो. कुणी स्टार्टर मारला तर फ्यूज उडतो आणि गाडी निर्जीव होते. सायरन स्वतःच्या बॅटरीचा घेतला असेल तर तो त्यानंतरही वाजत राहतो. तुम्ही मात्र स्टार्टर मारण्याआधी आयसोलेटर चालू करायचा, आणि दोन-चार जादा फ्यूज पर्समध्ये ठेवायचे. पाच आठवड्यांपेक्षा जास्त दिवस बाहेरगावी जाणार असाल तर फ्यूजही काढून ठेवा, तेवढे दिवस रिले नव्हे, तोडून ठेवलेली बॅटरीच गाडी राखेल.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली, मोठे बदल न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. अलार्मनं त्याला बाध येत नाही. पण तुमची गाडी मूळ रूपात राहिली आहे, ती बाबांची कमाई आहे. तेव्हा डॅशवर एलईडीसाठी भोक पाडू देऊ नका, दिवा डॅशच्या खालच्या कडेला चिकटवता येतो.

प्रश्न: माझ्या उघड्या जीपचा अलार्म रात्री पाम बीच रोडच्या वाऱ्यानं आणि फटाक्यांनी वाजतो. शेजाऱ्यांनी सोसायटीत तक्रार केली आहे. काय करू?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर: दादा, शेजाऱ्यांचं बरोबर आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा पंचेचाळीस डेसिबल आहे, तुमचा सायरन त्याच्या कितीतरी वर असणार. धक्का ओळखणाऱ्या शॉक सेन्सरवर त्याची संवेदनशीलता ठरवणारा छोटा स्क्रू असतो. तो अगदी कमीवर आणा, मग चाकावर मुठीनं थोपटत थोडा थोडा वाढवा. थोपटल्यावर गप्प राहील आणि जॅक लावून गाडी उचलली की वाजेल, तिथे थांबा. सेन्सर पत्र्याला नाही, चासीला कसलेला असावा, कारण पत्रा फटाक्यांच्या धक्क्यानंही थरथरतो. सायरन तीस सेकंदांत बंद होईल असं सेटिंग करा आणि फोनवर कॉल येणारं युनिट मिळालं तर तेच घ्या, म्हणजे बिल्डिंग जागी होण्याआधी तुम्ही जागे व्हाल.